चर उघडा असतानाच बघायला हवा

एखाद्या कंपनीने इंटरनेटची केबल टाकण्यासाठी महापालिकेकडे अर्ज केला की त्या दिवसापासून ६७ दिवस मोजले जातात. या मुदतीत महापालिकेने परवानगीही दिली नाही आणि लेखी कारणं देऊन अर्जही फेटाळला नाही, तर परवानगी मिळाली असंच धरतात. ही तरतूद केंद्र सरकारच्या दूरसंचार मार्गाधिकार (म्हणजे दुसऱ्याच्या रस्त्यातून, जागेतून केबल नेण्याचा हक्क) नियम, २०२४ मध्ये आहे, आणि हे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. आपल्या सोलापूर शहरात होटगी रोडला, जुळे सोलापुरात किंवा पूर्व भागातल्या एखाद्या बोळात रस्ता उकरलेला दिसला की आपण विचारतो, "महापालिकेनं परवानगी दिलीच कशी?" ठोस कारण नसेल तर परवानगी द्यावीच लागते. विचारायचं ते हे, की परवानगीच्या पत्रात कोणत्या अटी होत्या आणि चर उघडा असताना त्या तपासायला तिथे कोण उभं होतं.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. पूर्वी हा सगळा कारभार १८८५ च्या तार कायद्याखाली चालायचा. २०१६ साली मार्गाधिकाराचे पहिले नियम आले आणि शुल्काला मर्यादा बसली: जमिनीखालच्या केबलसाठी किलोमीटरला जास्तीत जास्त १,००० रुपये प्रशासकीय शुल्क, मोबाइलच्या मनोऱ्यासाठी १०,००० रुपये. २०२२ च्या दुरुस्तीने दिव्याचे खांब, बसथांबे यांवर लहान अँटेना बसवायची वाट मोकळी केली आणि शहरी भागात त्यासाठी वर्षाला एका खांबामागे ३०० रुपये ठरवले. मग दूरसंचार कायदा, २०२३ आला. मार्गाधिकाराची कलमं त्यात आहेत आणि ती २६ जून २०२४ पासून अमलात आली. या कायद्याप्रमाणे एका कंपनीला झुकतं माप देता येत नाही, मनाला येईल तसं शुल्क लावता येत नाही, आणि वाद झालाच तर तो कलम १५ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो.

म्हणजे महापालिकेच्या हातात पैशाचा अधिकार कमी आणि अटींचा जास्त राहिला. रस्ता पूर्ववत करून घेण्याचा खर्च किंवा हमी हा वेगळा विषय आहे, तो वसूल करता येतो आणि केलाच पाहिजे. पण खोली किती, भराव कशाचा, काम कोणत्या महिन्यात, खांब कुठे, केबल किती उंचीवर, नकाशा कधी द्यायचा, हे सगळं परवानगीच्या पत्रातच ठरतं. म्हणूनच ६७ व्या दिवसापर्यंत फाईल टेबलावर पडून राहणं हे शहराचं मोठं नुकसान आहे. मुदत उलटल्यावर मिळालेल्या परवानगीला रस्ता पूर्ववत करण्याची जबाबदारी चिकटलेली असते, हे खरं. पण आपल्या रस्त्यासाठी, आपल्या मातीसाठी, आपल्या जलवाहिनीसाठी लिहायच्या खास अटी लिहायच्याच राहून जातात.

झोनच्या, म्हणजे महापालिकेच्या विभागीय कार्यालयाच्या, अभियंत्याने कॅलेंडरवर चार खुणा करून ठेवल्या तर हे टळतं. पहिल्या आठवड्यात कागद पुरे आहेत का ते बघायचं आणि काही कमी असेल तर सगळं एकाच पत्रात मागायचं. तीन पत्रं तीन वेळा पाठवली तर दिवस आपलेच जातात. विसाव्या दिवसाच्या आत पाणीपुरवठा, ड्रेनेज, विद्युत आणि महावितरण यांच्या माणसांसह जागेवर एकत्र पाहणी. चाळिसाव्या दिवसापर्यंत अटींचा मसुदा. पंचावन्नाव्या दिवशी फाईल आयुक्तांच्या सहीला. शेवटचे बारा दिवस सुट्ट्या आणि आचारसंहितेसारख्या अडचणींसाठी हाताशी ठेवायचे.

अर्ज येतो तो केंद्राच्या गतिशक्ती संचार पोर्टलवरून. त्यात कंपनीच्या परवान्याची प्रत, मार्गाचा नकाशा, लांबी, कामाची पद्धत, कामाला लागणारे दिवस, वाहतुकीची व्यवस्था आणि जागेवरच्या जबाबदार माणसाचा फोन हवा. नकाशा बघताना एक गोष्ट सोडू नका. उपग्रहाच्या चित्रावर ओढलेली एक लाल रेघ म्हणजे नकाशा नव्हे. रस्त्याच्या कोणत्या बाजूने, कडेच्या गटारापासून किती अंतरावर, कोणत्या खोलीवर, हे दर शंभर मीटरला आडव्या छेदात दाखवलेलं हवं. गल्लीतला केबलवाला स्वतःच्या नावाने अर्ज घेऊन आला तर तो कोणत्या परवानाधारक कंपनीसाठी काम करतो ते आधी विचारावं. दूरसंचार नियमांतला मार्गाधिकार परवानाधारकाचा असतो; फ्रँचायझीचं काम त्या कंपनीच्या नावावर आणि तिच्याच जबाबदारीवर व्हायला हवं. टीव्हीच्या केबलचा कायदा वेगळा, १९९५ चा. त्याच्या कलम ४ ब मध्ये केबलचालकांच्या मार्गाधिकाराची तरतूद आहे. एकाच खांबावर दोन्ही प्रकारच्या तारा असल्या तरी कागद दोन वेगळे लागतात.

आणखी एक घोळ नेहमी होतो. शहरातले सगळे रस्ते महापालिकेचे नाहीत. पुणे-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग ६५, विजापूरकडे जाणारा ५२, सार्वजनिक बांधकाम खात्याचे रस्ते, औद्योगिक वसाहतीचे अंतर्गत रस्ते आणि रेल्वेची हद्द, यांचे मालक निराळे. महापालिकेचं पत्र दाखवून रेल्वेपुलाखालून डक्ट (ज्यातून केबल जाते तो पाइप) ओढता येत नाही. अर्जदाराने मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यापुढे मालकाचं नाव लिहून आणावं, अशी अट घातली की निम्मी हमरीतुमरी आधीच मिटते.

आता चराकडे येऊ. इथे सोलापूरची माती बोलते.

आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. काळ्या मातीचा थर कुठे अर्धा मीटर, कुठे दोन मीटर. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. चरातून निघालेली तीच माती तशीच परत लोटली आणि वर डांबराचा पातळ थर दिला की पहिल्या दोन मोठ्या पावसांत तो पट्टा खाली बसतो. दुचाकीचं चाक नेमकं त्या खाचेत सापडतं. कंत्राटदार म्हणतो, रोलर फिरवला होता. फिरवला असेलही, पण अर्धा मीटर रुंदीच्या चरात मोठा रोलर उतरतच नाही. तो दोन्ही काठांवर चालतो आणि मधला भराव पोकळ राहतो. तिथे प्लेट कॉम्पॅक्टर किंवा जंपिंग जॅक, म्हणजे माती ठोकायचं लहान यंत्रच लागतं, आणि भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनीच करावा लागतो. एका दमात मीटरभर माती टाकून वरून कितीही ठोकली तरी खालचा भाग सैलच राहतो.

म्हणून अट अशी लिहावी: रस्त्याखालच्या चरातली काळी माती पूर्ण उचलून न्यायची, परत वापरायची नाही. डक्टखाली आणि डक्टवर बारीक वाळू किंवा चाळलेला मुरूम, खडे नकोत. त्यावर सावधानतेची प्लास्टिकची पट्टी, डक्टच्या साधारण फूटभर वर, म्हणजे पुढच्या वेळी जेसीबीच्या दाताला आधी पट्टी लागेल. मग थराथराने मुरूम, प्रत्येक थर ओला करून ठोकलेला. शेवटी खडीचा थर आणि डांबर. डांबर कापताना कडा करवतीने सरळ कापायची; ब्रेकरने फोडलेल्या वाकड्यातिकड्या कडेतून पाणी शिरतं. वरचा डांबराचा तुकडा चराच्या दोन्ही बाजूंना किमान १५ सेंटिमीटर जास्त रुंद घ्यायचा, म्हणजे सांधा थेट भरावावर न येता न हललेल्या जमिनीवर येतो. काँक्रीटचा रस्ता असेल तर मधूनच पट्टी कापू देऊ नये. सांध्यापासून सांध्यापर्यंतचा पूर्ण तुकडा काढून नव्याने ओतायचा. खर्च वाढतो, म्हणूनच अर्जदाराला फूटपाथखालून किंवा रस्त्याच्या कडेने न्यायची बुद्धी होते, आणि ते चांगलंच आहे.

खोलीचा जुना सरकारी दंडक साध्या जमिनीत १.६५ मीटर आहे. पाषाण लागला की ती मिळत नाही, हे मान्य. पण "पाषाण लागला" हे वाक्य कामगाराच्या तोंडी ठेवून भागत नाही. जिथे खोली कमी पडते तिथे कनिष्ठ अभियंत्याने जागेवर टेप लावून फोटो घ्यावा आणि तेवढ्या लांबीत डक्ट लोखंडी किंवा जाड दुहेरी भिंतीच्या पाइपात घालून वर काँक्रीट टाकून घ्यावं. डक्ट स्वतः ४० मिलिमीटर बाहेरच्या आणि ३३ मिलिमीटर आतल्या व्यासाचा, हा नेहमीचा माल. एकाच चरात दोन-तीन रिकामे डक्ट जादा टाकून घेण्याची अट मला सगळ्यात मोलाची वाटते. पुढच्या वर्षी दुसरी कंपनी आली की रस्ता न खोदता तोच डक्ट भाड्याने वापरता येतो. सामाईक डक्टचा विचार २०२३ च्या कायद्यातही आहे.

आणखी एक, फारसं कुणी न बोलणारं दुखणं. वाळू-मुरूम भरलेला चर पाण्यासाठी सोपी वाट होतो. उताराच्या रस्त्यावर पावसाचं पाणी चरात शिरतं, आतल्या आत वाहत जातं आणि खालच्या टोकाच्या घराच्या पायाशी उगवतं. उतारावर दर वीस-पंचवीस मीटरला चराच्या पूर्ण उंचीची चिकणमातीची आडवी भिंत घातली की हे थांबतं. काळ्या मातीचा उपयोग आहे तो इथे.

हल्ली मोठ्या रस्त्यांवर उघडा चर न खोदता यंत्राने आडवं भोक पाडतात. दोन टोकांना दोन खड्डे, मधून ड्रिलचं डोकं जातं आणि परतताना डक्ट ओढून आणतं. रस्ता वाचतो, वाहतूक चालू राहते, म्हणून पद्धत चांगली. पण सोलापुरात तिचा एक धोका इतर शहरांपेक्षा मोठा आहे, आणि तो आपल्या पाण्यामुळे. उजनी, टाकळी आणि हिप्परग्याहून येणारं पाणी आपल्या नळाला रोज येत नाही. ज्या दिवशी त्या भागाला पाणी नसतं त्या दिवशी ड्रिलने जलवाहिनी फोडली, तर एक थेंबही वर येत नाही. यंत्रचालकाला कळत नाही, मुकादमाला कळत नाही. खड्डे बुजतात, टोळी पुढच्या गल्लीत जाते. चार दिवसांनी व्हॉल्व्ह उघडला की रस्त्याखाली पाणी दाटतं, नाहीतर ते सरळ ड्रेनेजमध्ये जातं आणि लोक म्हणतात आज प्रेशर कमी आहे. त्याहून वाईट म्हणजे पाणी बंद असताना रिकाम्या वाहिनीत बाहेरची घाण ओढली जाते. फुटलेल्या जागेशेजारी ड्रेनेज असेल तर पुढच्या पाण्याला वास येतो आणि गल्लीत जुलाब सुरू होतात. तोवर केबल टाकणाऱ्यांचं नाव कुणाला आठवत नाही.

यावर उपाय कागदावर एका ओळीचा आहे. ड्रिलिंग संपल्यावर दोन्ही टोकांचे खड्डे त्या भागाचा पुढचा पाणीपुरवठा होईपर्यंत बुजवायचे नाहीत. पत्रे लावून, रात्री दिवा ठेवून उघडे ठेवायचे. पाणी आल्यावर चावीवाला (पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारा कर्मचारी) आणि कंपनीचा माणूस दोघांनी मार्ग चालत बघायचा आणि दोघांच्या सहीने नोंद करायची. त्याआधी, ड्रिलच्या मार्गात येणाऱ्या प्रत्येक जलवाहिनीवर हाताने खोदलेला तपासणीचा खड्डा घ्यायचा आणि वाहिनी डोळ्यांनी पाहून तिची खोली नोंदवायची. जुन्या पेठांतल्या जलवाहिन्यांच्या खऱ्या जागा नकाशापेक्षा चावीवाल्यालाच जास्त ठाऊक असतात. त्याला पाहणीला बोलवलं नाही तर पाहणी झाली असं धरूच नये.

ड्रिलमध्ये पाण्यात कालवलेली बेंटोनाइट नावाची चिकणमाती वापरतात. ती खड्ड्यातून उपसून टँकरने न्यायला हवी. टोळ्या ती पावसाळी गटारात सोडतात, ती तळाशी बसून घट्ट होते आणि मृग बरसला की तुंबलेलं गटार साफ करायला महापालिकेची माणसं उतरतात. दाब जास्त झाला तर हीच माती फूटपाथचे ब्लॉक उचलून वर येते. दोन्ही गोष्टी जागेवर उभं राहिलं की दिसतात, नंतर दिसत नाहीत. इंच-दोन इंच रुंद आणि फूट-सव्वा फूट खोल चिरेत केबल घालण्याची पद्धतही आता अर्जांत दिसते. सारखी खोदाई होणाऱ्या आपल्या रस्त्यांवर ती टिकत नाही असं माझं मत आहे. पुढच्या डांबरीकरणात रस्ता खरवडताना किंवा नळजोडणीच्या खड्ड्यात ती पहिली तुटते. वसाहतीतल्या आतल्या, पाइपांचं काम पुरं झालेल्या रस्त्यावर चालेल.

ड्रेनेजचा चेंबर किंवा नाल्याचा मोरा (रस्त्याखालून पाणी जायची वाट) ही केबल न्यायची जागा नाही. मोऱ्यातून लोंबणाऱ्या डक्टला प्लास्टिक, कापडाच्या चिंध्या आणि फांद्या अडकतात आणि एका रात्रीच्या पावसात शेजारच्या वस्तीत पाणी शिरतं. मोऱ्याच्या बाहेरून, पुराच्या पातळीच्या वर, लोखंडी पाइपातून न्यावं.

वरून जाणाऱ्या केबलींचा प्रश्न शहरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. नवी पेठ, टिळक चौक, साखर पेठ, कुठेही मान वर करून बघा. खांबावर वेटोळी, झाडाच्या फांदीला बांधलेले जोड, तुटून लोंबणारी टोकं. यातल्या बऱ्याच केबली मेलेल्या असतात. ग्राहकाने कंपनी बदलली की नवी तार येते, जुनी कुणी उतरवत नाही. त्यामुळे खांबावर वजन वाढत जातं आणि काळ्या मातीत उभा केलेला खांब पावसाळ्यात कलतो. खांबाची पुरण्याची खोली त्याच्या लांबीच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकी धरतात. आठ मीटरच्या खांबाला सव्वा-दीड मीटर. काळी माती असेल तिथे हे पुरत नाही, मुरूम लागेपर्यंत खाली जाऊन काँक्रीटचा पाया घ्यावा लागतो. वळणावरच्या आणि शेवटच्या खांबाला ताण एकाच बाजूचा असतो, तिथे ताण तार किंवा आधार खांब हवाच. फूटपाथवर खांब किंवा पेटी बसवल्यावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा राहिली पाहिजे, हा भारतीय रस्ते काँग्रेसचा मापदंड. पूर्व भागातल्या बोळांत फूटपाथच नाहीत आणि चादरी-टॉवेलच्या गाठी नेणारे टेम्पो कसेबसे वळतात. तिथे नवा खांब उभारू देण्यापेक्षा भिंतीवर ब्रॅकेट किंवा असलेल्या खांबावर एकत्र वाहिनी, हाच मार्ग.

उंचीचं माप पत्रात आकड्यात लिहावं. कमी दाबाची वीजवाहिनी रस्ता आडवा ओलांडताना ५.८ मीटर आणि रस्त्याच्या कडेने ५.५ मीटर उंच असावी, असा विजेच्या सुरक्षा नियमांचा दंडक आहे. केबलला याहून कमी माप देण्याचं काही कारण नाही, आणि ते माप मधोमध, झोळ पडतो तिथे मोजायचं, खांबाजवळ नाही. उसाच्या हंगामात वर रचलेल्या ट्रॉल्या शहराच्या कडेच्या रस्त्यांवरून जातात आणि पहिली लोंबती तार त्याच ओढतात.

सिद्धेश्वर यात्रेचा मार्ग मात्र वेगळा धरायला हवा. संक्रांतीच्या सुमाराला मानाचे सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते, आणि नंदीध्वजांची उंची ५.८ मीटरपेक्षा कितीतरी जास्त असते. एवढ्या उंच काठीचा भार एक भक्त कमरेवर पेलत चालतो. तार आडवी आली तर त्याला मागे झुकून काठी तिरपी करावी लागते, आणि भोवती गर्दी असते. म्हणून या मार्गावर आडवी केबल नकोच, जमिनीखालूनच हवी. दरवर्षी जानेवारीच्या तोंडावर तारा तात्पुरत्या उतरवायच्या आणि यात्रा संपली की पुन्हा चढवायच्या, यात जोड कमकुवत होतात आणि ग्राहकांचं इंटरनेटही जातं. मिरवणुकीचा मार्ग ठरलेला आहे, तो मार्गाधिकाराच्या नकाशावर कायमचा रंगवून ठेवता येतो.

महावितरणच्या खांबावर केबल टाकायला खांबाच्या मालकाची वेगळी परवानगी लागते. महापालिकेचं पत्र तिथे चालत नाही. धोका असा: केबलला आधारासाठी लोखंडी तार असेल आणि वरची वीजवाहिनी तुटून तिच्यावर पडली, तर प्रवाह त्या तारेतून पुढच्या दहा खांबांपर्यंत आणि शेवटी कुणाच्या तरी बाल्कनीपर्यंत पोचतो. वीजवाहिनीजवळ धातू नसलेली, काचतंतूंच्या आधाराची केबलच हवी, आणि विजेच्या तारांच्या खाली ठरलेलं अंतर सोडून.

दिव्याच्या खांबावर लहान अँटेना बसवताना सगळे वजनाचं बोलतात. स्थापत्य अभियंत्याचं प्रमाणपत्र घ्यायलाच हवं, विशेषतः तळाशी गंजलेल्या जुन्या खांबांना. पण खरी अडचण विजेची. रस्त्यावरचे दिवे गटाने चालू-बंद होतात, म्हणजे दिवसा त्या वायरीत वीज नसते. अँटेनाला चोवीस तास लागते. त्यामुळे एकतर वेगळं मीटर आणि वेगळी वायर, नाहीतर कुणीतरी टायमरला बगल देतं आणि पूर्ण रस्त्याचे दिवे भर दुपारी जळत राहतात. भर दुपारी दिवे चालू दिसले तर खांबावरची पेटी जरूर बघा.

विनापरवाना केबली कापण्याच्या मोहिमेबद्दल. महापालिका अधिनियमाच्या कलम २३१ खाली रस्त्यावरचं बेकायदा अतिक्रमण नोटीस न देता हटवता येतं, हे खरं. पण खांबावरच्या पन्नास तारांत दवाखान्याची कोणती, बँकेची कोणती आणि मेलेली कोणती हे कात्रीला कळत नाही. आधी खुणा करायला लावाव्यात. प्रत्येक कंपनीने तीन आठवड्यांत दर पाचव्या खांबावर आणि प्रत्येक जोडापाशी आपलं नाव, परवानगी क्रमांक आणि फोन असलेली, उन्हात न विरणारी पट्टी लावायची. मुदत संपली की बिनपट्टीच्या तारा आधी फक्त सोडवून दोन दिवस बाजूला बांधून ठेवायच्या. कुणाचा फोन आला तर मालक सापडला. नाही आला तर ती मेलेली, उतरवून भंगारात. या पद्धतीला वेळ लागतो, पण शाळेची आणि दवाखान्याची लाइन कापली जात नाही.

तुटण्याची दुसरी बाजूही आहे. महापालिकेच्या स्वतःच्या खोदाईत फायबर तुटते, आणि मग एका जोडासाठी कंपनी पुन्हा खड्डा घेते. यासाठी केंद्राने २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केलं. खोदणाऱ्याने जागा टाकली की त्या भागात नोंद असलेल्या यंत्रणांना सूचना जाते. नळजोडणी देणाऱ्या प्लंबरपासून ड्रेनेजच्या ठेकेदारापर्यंत सगळ्यांच्या कार्यादेशात या ॲपवरची नोंद सक्तीची असावी. पण ॲपला मार्ग माहीत हवेत, आणि ते काम झाल्यावर प्रत्यक्ष कुठून गेलं त्याचा नकाशा असल्याशिवाय होत नाही. अर्जासोबतचा नकाशा इथे निरुपयोगी आहे, कारण पाषाण किंवा ड्रेनेज आडवं आलं की मार्ग सरकतोच. हमीची रक्कम परत करण्याआधी झालेल्या कामाचा नकाशा घेतलाच पाहिजे, आणि तो चर उघडा असताना मोजलेल्या अंतरांवरून केलेला हवा.

कामाच्या तारखाही पत्रातच ठरवाव्यात. जून ते सप्टेंबर काळ्या मातीत उघडा चर नको, जानेवारीत यात्रेच्या भागात नको, गणेशोत्सवात पेठांत नको. पावसाळ्यात अर्ज आला म्हणून फाईल थांबवायची नाही, दिवस तर चालूच असतात. परवानगी द्यायची आणि काम ऑक्टोबरपासून, असं लिहायचं.

आता तुमच्या घरासमोर खोदाई सुरू झाली तर काय करायचं ते. मुकादमाकडे परवानगीच्या पत्राची प्रत मागा. ती जागेवर असायलाच हवी, आणि तिचा फोटो घ्या. चरात टेप सोडून खोली दिसेल असा फोटो काढा, मागे ओळखू येणारं घर किंवा दुकान येऊ द्या. काळी माती परत लोटली जात असेल तर तेव्हाच, त्याच दिवशी झोन कार्यालयाला लेखी कळवा. दुसऱ्या दिवशी सिद्ध करणं कठीण. नळाला पुढच्या पाळीला पाण्याचा रंग किंवा वास बदलला तर ते पाणी पिऊ नका आणि खोदाईची तारीख सांगून पाणीपुरवठा विभागाला फोन करा.

इमारतीच्या गच्चीवरचा मनोरा हा वेगळा मामला आहे. खासगी जागेसाठी महापालिकेची परवानगी लागत नाही, आधी लेखी सूचना आणि इमारत भार पेलेल याचं स्थापत्य अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं. ते प्रमाणपत्र सोसायटीने आपल्याकडे मागून ठेवावं. मनोऱ्यावरच्या मालमत्ता कराचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१६ ला अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात मान्य केला होता. २०२३ च्या कायद्यातल्या कलम १४ ने दूरसंचार जाळं ज्या मालमत्तेवर आहे तिचा भाग मानायचं नाही असं म्हटल्यामुळे आता चित्र बदललं आहे. सोसायटीने जुन्या कर-बिलांवर विसंबून करार करू नये.

झोनकडून उत्तर येत नसेल तर माहिती अधिकार अर्ज आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, म्हणून मोजकंच मागा: परवानगीच्या पत्राची अटींसह प्रत, रस्ता पूर्ववत करण्यासाठी घेतलेली रक्कम किंवा हमी, कनिष्ठ अभियंत्याच्या जागेवरच्या तपासणीच्या नोंदी, झालेल्या कामाचा नकाशा, आणि पावसाळ्यानंतर रस्ता पुन्हा तपासला असेल तर त्याची तारीख. उत्तराला तीस दिवस.